१४ नोव्हेंबर : चाचा नेहरू, नगरचा किल्ला आणि वर्गातला रिकामा बाक

बालदिन विशेष

चौदा नोव्हेंबर आला की सकाळी सकाळी मोबाईलवर मेसेज पडायला लागतात. गुलाबाचं फूल लावलेल्या नेहरूंचा फोटो, खाली बालदिनाच्या शुभेच्छा. शाळा सुरू असेल तर प्रतिमापूजन, दोन भाषणं, मुलांना खाऊ आणि लवकर सुट्टी. दिवाळीची सुट्टी चालू असेल तर तेवढंही नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी हे केलंय. मीही चौथीत असताना कागदावर लिहून दिलेलं भाषण पाठ करून म्हटलं होतं. पण हा दिवस नेमका कुठून आला, याच माणसाच्या नावाने का आला, हे कोणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. आज तेच सांगायचं आहे. त्यात आपल्या नगरचाही मोठा भाग आहे.

वाढदिवसाला गव्हाची तुला

जवाहरलाल नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९ रोजी अलाहाबादला झाला. वडील मोतीलाल मोठे वकील, पैसा भरपूर. आई स्वरूपराणी. घराणं मूळचं काश्मिरी. घरात नोकरचाकर, घोडे, पुढे पोहण्याचा तलावसुद्धा. पण पोरगा एकटा. पाठची बहीण झाली तेव्हा हे जवळपास अकरा वर्षांचे होते. शाळेत न घालता घरीच मास्तर ठेवलेले, त्यामुळे बरोबरीची पोरं खेळायला नाहीत. घरातले मुन्शी मुबारक अली त्यांना १८५७ च्या बंडाच्या आणि इतर जुन्या गोष्टी सांगायचे. त्या म्हाताऱ्या मुन्शींच्या आठवणी नेहरूंनी पुढे मोठ्या मायेने लिहिल्या आहेत.

वाढदिवसाची मात्र मजा असायची. सकाळी त्यांना एका मोठ्या तराजूत बसवायचे. दुसऱ्या पारड्यात गव्हाची पोती आणि इतर जिन्नस. वजन झालं की ते सगळं धान्य गरिबांना वाटून टाकायचे. मग नवे कपडे, भेटी, पाहुणे. लहानग्या जवाहरची एकच तक्रार होती. वाढदिवस वर्षातून एकदाच का येतो? जास्त वेळा यावा असा हट्ट त्यांनी धरला होता. त्या पोराला काय माहीत, की पुढे त्याचा वाढदिवस साऱ्या देशाच्या पोरांचा होणार आहे.

मारही खाल्ला. पाच-सहा वर्षांचे असतील. वडिलांच्या टेबलावर दोन शाईचे पेन दिसले. एका माणसाला दोन पेन कशाला लागतात, असा हिशोब करून एक उचलला. शोधाशोध सुरू झाली तसे घाबरले आणि गप्प बसले. शेवटी पेन सापडलाच. मोतीलाल तापट माणूस, असा बदडला की पुढे काही दिवस अंगाला मलम लावत बसावं लागलं. ही गोष्ट नेहरूंनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. वडिलांवर राग धरला नाही, पण विसरलेही नाहीत. आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपल्या बापाचा हात आठवेल.

सोळाव्या वर्षाच्या आत, १९०५ मध्ये, त्यांना इंग्लंडला हॅरो शाळेत घातलं. पुढे केंब्रिज, मग बॅरिस्टरकी. १९१२ ला परत आले. अंगात सुटाबुटाचा थाट, वकिलीत मन नाही. १९१६ मध्ये कमला कौल यांच्याशी लग्न झालं. १९ नोव्हेंबर १९१७ ला मुलगी झाली, इंदिरा. १९२४ मध्ये मुलगाही झाला होता, पण तो दोनच दिवसांत गेला.

शेतकऱ्यांनी नेहरूंना शिकवलं

तोवर ह्या माणसाने खेडं असं पाहिलंच नव्हतं. त्यांनी स्वतः तशी कबुली दिली आहे. बदल झाला तो १९२० च्या उन्हाळ्यात.

अवधच्या प्रतापगड भागातले शेतकरी जमीनदारांच्या जाचाने गांजले होते. तिकडे त्यांना तालुकदार म्हणतात. खंडाशिवाय वरचा नजराणा, वेठबिगार, आणि मनात आलं की कुळाची जमिनीवरून हकालपट्टी. त्याला बेदखली म्हणत. त्यांचे पुढारी होते बाबा रामचंद्र. हा माणूस मूळचा मराठी बरं का. फिजी बेटावर उसाच्या मळ्यांत गिरमिट्या मजूर म्हणून राबून परत आलेला. अवधच्या खेड्यांत सीतारामाची हाक द्यायचा आणि एका गावातून दुसऱ्या गावात ती हाक जाऊन हजारो माणूस गोळा व्हायचा.

जून महिन्यात बाबा रामचंद्र दोनशेच्या आसपास शेतकऱ्यांना घेऊन पन्नास मैल चालत अलाहाबादला आले. नेहरू त्यांना भेटले. त्यांनी एकच गळ घातली, आमच्या गावाला चला आणि डोळ्यांनी बघा. नेहरू गेले. तीन दिवस राहिले. डोक्यावर जूनचं ऊन. मोटार जावी म्हणून गावकऱ्यांनी रातोरात कच्चे रस्ते केले. तरी ती रुतायचीच, मग माणसंच ती उचलून बाहेर काढायची. अंगावर चिंध्या, पोटं खपाटीला आणि डोळ्यांत आशा, की हा माणूस आपलं काहीतरी करील. नेहरूंना स्वतःच्या सुखाच्या आयुष्याची लाज वाटली. सभेत बोलायचा संकोचही तिथेच गेला, कारण ह्या माणसांपुढे इंग्रजी छाप भाषण करून उपयोग नव्हता, साधं बोलावं लागायचं.

आपण शेतकरी माणसं. नेहरू घडले ते विलायतेत, असं आपल्याला वाटतं. पण त्यातला निम्मा माणूस प्रतापगडच्या ढेकळांत घडला, आणि तिथे घेऊन जाणारा एक मराठी माणूस होता. हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही.

तुरुंगातून पोरीला पत्रं

डिसेंबर १९२१ मध्ये पहिल्यांदा तुरुंग. त्यानंतर आत-बाहेर सुरूच. एकूण नऊ वेळा, सगळे दिवस मोजले तर जवळपास नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांत इंदिरा लहानाची मोठी झाली. आजोबा तुरुंगात, बाप तुरुंगात, पुढे आईसुद्धा तुरुंगात. घरात पोलीस येऊन दंडाच्या वसुलीसाठी सामान उचलून नेतायत, हे त्या पोरीने लहानपणी पाहिलं.

बाप म्हणून नेहरूंना ही टोचणी होती. मग त्यांनी एक मार्ग काढला. पत्रं. १९२८ च्या उन्हाळ्यात इंदिरा मसुरीला आणि नेहरू अलाहाबादला होते. तेव्हा त्यांनी दहा वर्षांच्या पोरीला पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, भाषा कशा झाल्या, असं साध्या शब्दांत लिहून पाठवलं. त्याचं पुस्तक निघालं, आणि त्याचा हिंदी अनुवाद केला तो मुन्शी प्रेमचंदांनी.

ऑक्टोबर १९३० मध्ये इंदिरेचा तेरावा वाढदिवस आला तेव्हा नेहरू नैनीच्या तुरुंगात होते. तिथून भेट काय पाठवणार? म्हणून पत्र पाठवलं. तिथून जी पत्रं सुरू झाली ती ऑगस्ट १९३३ पर्यंत. त्यात साऱ्या जगाचा इतिहास सांगितला. हाताशी संदर्भाची पुस्तकं फारशी नाहीत, डोक्यात होतं आणि वह्यांत टिपलेलं होतं त्यावर. त्याच काळात काही वर्षं इंदिरा आपल्या पुण्यात शिकायला होती.

फेब्रुवारी १९३१ मध्ये मोतीलाल गेले. कमलाबाईंना क्षय झालेला. फेब्रुवारी १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याही गेल्या. इंदिरा तेव्हा अठरा वर्षांची. पोरांवर जीव लावणारा हा माणूस स्वतःच्या एकुलत्या पोरीला मात्र वेळ देऊ शकला नाही, हे खरं आहे. देशातल्या पोरांत रमायची ओढ त्यातूनच आली असावी असं मला वाटतं.

नगरच्या किल्ल्यात

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. ९ ऑगस्ट १९४२. मुंबईत चले जाव ठराव झाला आणि पहाटेच नेत्यांची धरपकड झाली. काँग्रेस कार्यकारिणीतल्या मंडळींना रेल्वेने नगरला आणलं आणि भुईकोट किल्ल्यात ठेवलं. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव असे बारा जण. सुरुवातीला त्यांना वर्तमानपत्रंही मिळत नव्हती.

ज्या किल्ल्यासाठी चांदबिबी लढली, त्या किल्ल्यात नेहरू मार्च १९४५ पर्यंत राहिले. अडीच वर्षांहून जास्त. हा त्यांचा शेवटचा आणि सर्वांत लांब तुरुंगवास.

आवारात त्यांनी फुलझाडांची बाग धरली. जमीन कशी होती? आपल्याला माहितीच आहे. दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाचा राडारोडा मिसळलेली. कुदळ मारली की जुन्या भिंतीचे अवशेष वर यायचे. तरी उन्हातान्हात खणत राहिले आणि फुलं आणली. त्या खणण्यातूनच त्यांना सुचलं की इतिहासही असाच खणावा. १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत त्यांनी तिथे भारताच्या इतिहासावरचा आपला मोठा ग्रंथ लिहून काढला. त्याचा मराठी अनुवाद, भारताचा शोध, केला तो साने गुरुजींनी. म्हणजे पोरांचे चाचा आणि पोरांचे गुरुजी ह्या पुस्तकात एकत्र आले.

ते पुस्तक लिहीत असतानाच २० ऑगस्ट १९४४ ला मुंबईत इंदिरेला पहिला मुलगा झाला. राजीव. नगर ते मुंबई अंतर ते किती? पण आजोबा किल्ल्यात कोंडलेले. पोरीचं लहानपण तुरुंगामुळे हुकलं, आणि नातवाचा जन्मही तुरुंगामुळेच हुकला.

किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांना जिथे ठेवलं होतं त्या खोल्या जपलेल्या आहेत. शिर्डी, शनिशिंगणापूरला आपण पोरं घेऊन जातो, तसं एकदा इथेही घेऊन जायला हरकत नाही.

हत्तीण पाठवणारे पंतप्रधान

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि नेहरू पंतप्रधान झाले. फाळणी, निर्वासित, अन्नधान्याची टंचाई, सगळं एकदम अंगावर. त्यातही पोरांकडे लक्ष असायचं. एक गोष्ट सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात टोकियोच्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी मारून टाकले होते. बॉम्ब पडून ते मोकाट सुटतील ही भीती. तिथले तीन हत्ती तर उपाशी ठेवून मारले. युद्ध संपलं, पोरांना हत्ती बघायचा होता, पण हत्तीच नव्हता. तेव्हा जपानी पोरांनी शेकडो पत्रं लिहिली आणि ती नेहरूंपर्यंत पोचवली. नेहरूंनी हत्तीण पाठवली. नाव ठेवलं इंदिरा, स्वतःच्या मुलीचं. सप्टेंबर १९४९ मध्ये ती टोकियोत पोचली. सोबत पोरांसाठी पत्रही दिलं, की ही भेट माझ्याकडून नाही, भारतातल्या मुलांकडून जपानच्या मुलांना आहे. ती हत्तीण १९८३ पर्यंत जगली. जपानच्या दोन पिढ्यांनी हत्ती पाहिला तो हाच.

बालदिन कसा आला

आता मूळ प्रश्न. पुष्कळ जणांना वाटतं की नेहरू वारल्यावर, म्हणजे १९६४ नंतर, बालदिन सुरू झाला. तसं नाही. ते हयात असतानाच सुरू झाला.

सुरुवात झाली ती पैसे गोळा करण्यातून. महायुद्धानंतर जगभर अनाथ आणि उपाशी पोरांची संख्या फार झाली होती. संयुक्त राष्ट्रांनी मुलांसाठी मदतीची हाक दिली. त्या निधीसाठी ५ नोव्हेंबर १९४८ ला आपल्याकडे फूल दिवस पाळला गेला. कागदी फुलासारखी खूण विकायची आणि पैसे मुलांसाठी द्यायचे, ध्वजदिनाला आपण छोटा झेंडा घेतो तसं. १९५१ मध्ये व्ही. एम. कुलकर्णी नावाचे समाजकल्याणाचे अभ्यासक इंग्लंडमध्ये गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलांच्या पुनर्वसनाचा अभ्यास करत होते. तिथे मुलांच्या संस्थांसाठी लोकांकडून निधी कसा जमवतात हे त्यांनी पाहिलं. आपल्याकडे निराधार पोरांसाठी अशी काहीच सोय नाही, हे त्यांना टोचलं. त्यांनी अहवालात सुचवलं, की पंडितजींच्या वाढदिवशी असा दिवस पाळून निधी जमवावा. नेहरूंना विचारलं तेव्हा ते आधी संकोचले. स्वतःच्या वाढदिवसाचा सोहळा कशाला, असं झालं. पण कारण पोरांचं, म्हणून नाइलाजाने हो म्हणाले.

१९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही सगळ्या देशांना मुलांसाठी एक दिवस पाळायची शिफारस केली. जगाचा दिवस पुढे २० नोव्हेंबर ठरला, आपण मात्र १४ नोव्हेंबर धरला. १९५४ मध्येच दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर हजारो शाळकरी पोरं जमली आणि हा दिवस बालदिन म्हणून साजरा झाला. १९५७ मध्ये सरकारने त्यावर अधिकृत शिक्का मारला.

त्या वर्षी बालदिनाची तीन पोस्टाची तिकिटं निघाली. एकावर केळं खाणारं मूल. दुसऱ्यावर पाटीवर लिहिणारी मुलगी. तिसऱ्यावर मातीचा घोडा. म्हणजे पोटाला अन्न, हाताला पाटी आणि खेळायला खेळणं. मला विचाराल तर बालदिनाचा सगळा अर्थ ह्या तीन तिकिटांत आहे. मूळ दिवस हा भाषणाचा नव्हताच. ज्या पोराकडे ह्या तीन गोष्टी नाहीत, त्याच्यासाठी खिशात हात घालायचा तो दिवस होता.

चुकाही होत्या

नेहरूंचं सगळंच गोड होतं असं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मराठी माणूस त्यांच्यावर फार चिडला होता. नोव्हेंबर १९५७ मध्ये ते प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा लोकांनी काळी निशाणं दाखवली. १९६० ला महाराष्ट्र झाला, पण त्यासाठी १०५ हुतात्मे गेले.

आणि मुलांच्या बाबतीतही एक हिशोब बाकी राहिला. १९५० च्या राज्यघटनेत लिहिलं होतं की दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करायचा. नेहरूंच्या काळात आयआयटी झाल्या, मोठी धरणं झाली, प्रयोगशाळा झाल्या. पण खेड्यातली प्राथमिक शाळा त्या मानाने मागे राहिली, असं अनेक अभ्यासक सांगतात. दहा वर्षं गेली, वीस गेली. शिक्षण हा मुलाचा हक्क म्हणून कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. म्हणजे साठ वर्षं लागली.

रिकामा बाक

१९६१ मध्ये नेहरू आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला आले होते. शेतकऱ्यांनी स्वतः उभा केलेला सहकारी साखर कारखाना त्यांनी पाहिला. आपल्या जिल्ह्याला साखरेने रस्ते दिले, कॉलेजं दिली, दवाखाने दिले. हे नाकारून चालणार नाही.

पण त्याच साखरेची दुसरी बाजू मी माझ्या वर्गात पाहिली आहे. ज्या बालदिनाला मी भाषण केलं, त्या दिवशी माझ्या शेजारचा बाक रिकामा होता. तिथे बसणारा माझा दोस्त गणितात माझ्यापेक्षा पुढे होता. मला पाढे त्यानेच पाठ करून घेतले. पण दिवाळी झाली, मुकादमाची उचल घेतलेली, आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर निघाले. धाकट्या भावाला सांभाळायला कोण? म्हणून त्यालाही गाडीत बसवलं. चैत्रात परत आला तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. दोन वर्षं असंच झालं, तिसऱ्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. आज तोही चाळिशीत आहे, कमरेने वाकलाय, आणि अजून कोयताच चालवतो. मी बारावीपर्यंत शिकलो आणि हे लिहितोय. आमच्या दोघांत फरक हुशारीचा नव्हता. माझ्या घरी विहिरीला पाणी होतं, त्याच्या घरी कोरडवाहू दोन एकर, एवढाच होता.

बघा कसा योग आहे. बालदिन नोव्हेंबरात आणि गाळप हंगामही साधारण त्याच सुमारास सुरू होतो. पाथर्डी, शेवगाव, शेजारच्या बीडचे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, इथल्या कितीतरी वाड्या-वस्त्या ह्याच दिवसांत रिकाम्या होतात. शाळेत नेहरूंच्या फोटोला हार घालतात आणि त्याच वेळी फडात पाचटावर पोरं बसलेली असतात.

आता परिस्थिती जरा बदलली आहे. पोरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. काही कारखान्यांवर साखरशाळा झाल्या. शाळेत दुपारी खिचडी मिळते. पण योजना कागदावर असली तरी गावात ती चालू आहे का, पोराचं नाव त्यात आहे का, हे आई-बाप उसाच्या फडात असताना कोण बघणार? ते मागे राहिलेल्या आपणच बघायचं आहे. आजी-आजोबांजवळ राहिलेल्या पोराला दोन वेळचं नीट मिळतं का, वही-पेन आहे का, एवढं शेजाऱ्याने विचारलं तरी एक बाक भरलेला राहतो.

मुठभर राख

२७ मे १९६४ ला नेहरू दिल्लीत गेले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की माझी मूठभर राख अलाहाबादला गंगेत सोडा, आणि बाकीची विमानातून शेतांवर टाका, जिथे ह्या देशातला शेतकरी राबतो. म्हणजे मी ह्या मातीत मिसळून जाईन. तसंच केलं गेलं.

लहानपणी ज्याची गव्हाने तुला झाली, तो माणूस शेवटी गव्हाच्या रानात मिसळला. आपल्या रानातही आता कापसाची वेचणी चालू आहे, ज्वारी टिचभर वर आली आहे. ह्या वेळी बालदिनाला फोटो फॉरवर्ड करा, काही वाईट नाही. पण त्याआधी आपल्या वस्तीवरच्या शाळेत एक चक्कर मारा. हजेरीपट कशाला, नुसते बाक मोजा. जो रिकामा असेल, त्या पोराचं घर कुठलं आहे ते तुम्हाला माहीत असतंच.